चाक फिरवलं की अंडं का होतं? ब्लेंडर नव्याने शिकताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

ब्लेंडर म्हणजे संगणकावर थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या या अडचणीचं लक्षण असं. आगगाडीचा डबा तयार आहे, खाली चाकं लावली आहेत, सगळं गोल आणि जागच्या जागी दिसतंय. चाकाला फिरायच्या कीफ्रेम (कोणत्या क्षणी वस्तू कशी असावी त्याच्या खुणा) दिल्या, स्पेसबार दाबला, आणि चाक फिरता फिरता लांबट होतं, चपटं होतं, रुळावरून सुटतं. अर्धी फेरी झाली की पुन्हा छान गोल, मग पुन्हा चपटं. थांबवून पहिल्या फ्रेमवर जावं तर तिथे चूक सापडतच नाही.

गेल्या सुट्टीत आमच्या घरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माझी भाची आणि शेजारची दोन मुलं ब्लेंडर शिकायला बसायची. तिघांनी मिळून छोटी लाईन बनवायची ठरवली. छोटी लाईन म्हणजे ग्वाल्हेर ते श्योपूर कलाँ जाणारी, दोन फुटी रुळांची आमची जुनी गाडी. सुमारे 200 किलोमीटरचा रस्ता, आणि 2020 साली ती बंद झाली. मुलांनी तिला घोसीपुऱ्याला उभी असलेली पाहिली होती, आजोबांकडून सबलगडच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आता ती परत चालू झालेली निदान पडद्यावर तरी बघायची होती. त्यामुळे चाक बिघडलं की तिघांचे चेहरे खरोखर उतरायचे. "आत्या, बघ ना, परत अंडं झालं!" ही हाक मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकली की शेवटी सगळं एका जागी लिहून ठेवायचं ठरवलं.

आधी एक सांगते, कारण यात मुलांचे दोन दिवस गेले. हा दोष लॅपटॉपचा नाही. रॅम कमी आहे म्हणून, ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून चाक अंडाकृती होत नाही. शेजारच्या मुलाने ब्लेंडर काढून पुन्हा टाकलं, तरी तीच फाईल उघडल्यावर तेच झालं, कारण चूक फाईलमध्ये बसलेली होती. ब्लेंडर फुकट आहे म्हणून कच्चं असेल, असंही कोणी तरी घरात म्हणालं. ते मला लागलं. हे सॉफ्टवेअर नेदरलँड्समध्ये तयार झालं. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर 2002 साली जगभरातल्या लोकांनी एक लाख युरो गोळा करून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं, आणि तेव्हापासून ते वाढतंच आहे. व्यावसायिक स्टुडिओ त्यात पूर्ण लांबीचे चित्रपट करतात. आपलं चाक त्याला जड नाही.

आता तपासणी. डबा निवडा, पॉइंटर थ्रीडीच्या खिडकीवर ठेवा आणि एन दाबा. उजवीकडे पट्टी उघडते, तिच्यात आयटमखाली लोकेशन, रोटेशन, स्केल आणि डायमेन्शन्स असे आकडे असतात. नवशिका नेहमी डायमेन्शन्स बघतो, कारण तिथे मीटर लिहिलेले असतात. तुम्ही स्केल बघा. तिथे तिन्ही रकान्यांत 1 असेल तर डबा निरोगी आहे. आमच्या डब्याचं स्केल होतं एक्स (लांबी) 4, वाय (रुंदी) 1, झेड (उंची) 1. मग चाक निवडलं. त्याचं स्केल एक्स 0.25, वाय 1, झेड 1. हे दोन आकडे दिसले की निदान झालं, पुढे शोधायची गरज नाही.

हे आकडे आले कुठून ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय उपाय केला तर पुढच्या आठवड्यात तीच हाक ऐकू येते.

ब्लेंडरमधली प्रत्येक वस्तू म्हणजे दोन गोष्टी असतात. एक मेश, म्हणजे बिंदू, कडा आणि पृष्ठं मिळून झालेला आकार. दुसरी ऑब्जेक्ट, म्हणजे तो आकार जिच्यावर ठेवलाय ती बैठक. मुलांना मी गणपतीच्या पाटाचं उदाहरण देते. ऑब्जेक्ट मोडमध्ये तुम्ही पाट उचलता, मूर्ती आपोआप बरोबर येते. टॅब दाबून एडिट मोडमध्ये गेलात की पाट जागेवरच राहतो आणि हात थेट मूर्तीला लागतो. आणि प्रत्येक पाटासोबत शिंप्याच्या गळ्यात असते तशी एक टेप असते. फक्त ही टेप रबराची आहे. ऑब्जेक्ट मोडमध्ये एस दाबून वस्तू मोठी केली की मूर्ती वाढत नाही, टेप ताणली जाते. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण आत मूर्तीचं माप जुनंच राहतं. स्केलच्या रकान्यात जो आकडा दिसतो तो टेप किती ताणली आहे त्याचा.

ब्लेंडर उघडल्यावर जो ठोकळा समोर असतो तो प्रत्येक बाजूने 2 मीटरचा, स्केल 1. भाचीने त्याचाच डबा करायचा म्हणून आधी खाली चाकं जोडली, म्हणजे चाकं निवडली, मग शिफ्ट धरून डबा निवडला, कंट्रोल आणि पी, ऑब्जेक्ट. आता डबा पेरेंट झाला, म्हणजे त्याचं जे होईल ते चाकांचंही होणार. मग तिला वाटलं डबा लांब हवा, तेव्हा ऑब्जेक्ट मोडमध्येच एस, एक्स, 4. डबा 8 मीटरचा झाला, पण टेप चौपट ताणली गेली आणि त्या टेपला बांधलेली चाकंही चौपट लांब झाली. तिने काय केलं? कोणीही करेल तेच. चाक निवडून एस, एक्स, 0.25. चाक दिसायला गोल झालं. ताणलेल्या टेपवर दाबलेलं चाक, एक चूक दुसरीने झाकली गेली.

ती झाकलेली चूक फिरताना का उघडी पडते? ब्लेंडर चाकाला आधी चाकाचं स्वतःचं माप लावतं, मग फिरवतं, मग जागेवर नेतं, आणि हे सगळं झाल्यावर वरून पेरेंटची टेप लावतं. चाक न फिरता उभं असताना पाव केलेली बाजू आणि चौपट ताण एकाच दिशेला येतात, हिशोब जुळतो. चाक पाव फेरी फिरलं की पाव केलेली बाजू वर-खाली जाते आणि चौपट ताण मात्र आडवाच राहतो. आमच्या चाकाचा व्यास आम्ही 0.6 मीटर धरला होता. पाव फेरीला ते 2.4 मीटर लांब आणि 0.15 मीटर उंच होत होतं. कागदावर हे आकडे काढून दाखवले तेव्हा भाची म्हणाली, "म्हणजे ते बरोबरच करतंय, आपणच चुकीचं सांगितलंय." तेव्हा मला खूप बरं वाटलं, कारण त्या क्षणापासून तिची भीती गेली.

इथे एक बारकावा आहे जो व्हिडिओंमध्ये सहसा सांगत नाहीत. शेजारच्या मुलाचा डबाही एक्स 4 वरच होता आणि त्याची चाकं मात्र नीट फिरत होती. दोघांचं भांडण होईपर्यंत वेळ आली. फरक क्रमाचा होता. त्याने आधी डबा ताणला आणि मग चाकं जोडली. जोडण्याच्या क्षणी पेरेंटला जो ताण असतो त्याची भरपाई ब्लेंडर स्वतःच करून ठेवतं. जोडल्यानंतर ताणलं तर ती भरपाई पुरत नाही. म्हणून ही अडचण कधी येते, कधी येत नाही, आणि माणूस गोंधळतो. त्याचा डबा ठीक दिसत होता तरी दुरुस्त करायलाच हवा होता, कारण पुढे त्याला लांबी वाढवायची होतीच.

दुरुस्तीच्या आधी फाईल सेव्ह ॲज करून नव्या आकड्याने ठेवा. सेव्हच्या खिडकीत नावाशेजारी अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की आकडा आपोआप वाढतो. मग खाली टाइमलाइनवर पहिल्या फ्रेमवर या, जिथे चाकाचं फिरणं शून्य आहे. हे विसरू नका. चाक अर्धवट फिरलेलं असताना सोडवलं तर ते त्याच तिरक्या आकाराच्या जवळपास अडकून बसतं. आता सगळी चाकं निवडा, ऑल्ट आणि पी दाबा, आणि यादीतून क्लिअर अँड कीप ट्रान्सफॉर्मेशन घ्या. चाकं डब्यापासून सुटली, पण जागेवरच राहिली. चाक निवडून स्केल बघितलं तर आता तिथे 1 दिसेल. मग डबा निवडून कंट्रोल आणि ए, यादीत स्केल. डबा पडद्यावर तसूभरही हलत नाही, पण स्केलचे तिन्ही आकडे 1 होतात आणि डायमेन्शन्स आहेत तेच राहतात. म्हणजे जुनी ताणलेली टेप फेकली, नवी आणली, आणि मूर्तीचं खरं माप तिच्यावर लिहिलं. यालाच सगळे "स्केल अप्लाय करणं" म्हणतात.

आता चाकं परत डब्यालाच जोडू नका. शिफ्ट आणि ए दाबून एम्प्टी, त्यात प्लेन ॲक्सेस घ्या. ही नुसती खूण आहे, चित्रात उमटत नाही. डबा आणि चाकं निवडा, सगळ्यात शेवटी शिफ्ट धरून एम्प्टी निवडा, कंट्रोल आणि पी, ऑब्जेक्ट. पुढे गाडी चालवायची ती एम्प्टी सरकवून. डब्याला आधी सरकण्याच्या कीफ्रेम दिल्या असतील तर त्या काढून टाका, नाहीतर डबा दुप्पट वेगाने पळेल. खऱ्या गाडीतही चाकं डब्याच्या पत्र्याला जोडलेली नसतात, खाली बोगीचा वेगळा सांगाडा असतो आणि डबा त्याच्यावर बसतो. आपली एम्प्टी तोच सांगाडा. मुलांना हे पटकन पटलं, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

यानंतर डब्याची लांबी बदलायची असेल तर डब्यावर टॅब, ए ने सगळं निवडा, मग एस, एक्स. एडिट मोडमध्ये केलं की मेश बदलतं, टेप बदलत नाही. मी तर मुलांना सरळ नियम घालून दिला होता: आकार बदलायचा तर आधी टॅब. चाकासाठी त्याहून सोपी सवय आहे. सिलिंडर आणल्याबरोबर डावीकडे खाली छोटी पट्टी उघडते, तिच्यात रेडियस 0.3 आणि डेप्थ 0.1 तिथल्या तिथे भरा. मग स्केल करायची वेळच येत नाही. ती पट्टी चुकून बंद झाली तर एफ 9 दाबल्यावर परत येते, पण मध्ये दुसरं काही केलं नसेल तरच.

कंट्रोल-ए च्या यादीत बरेच पर्याय असतात आणि हाताला सगळ्यात सोपा वाटतो तो ऑल ट्रान्सफॉर्म्स. "सगळंच करून टाकू" म्हणून मुलं तेच दाबतात. त्याने स्केल 1 होतं खरं, पण लोकेशनही शून्य होतं, म्हणजे पाट उचलून जगाच्या मध्यावर ठेवला जातो आणि मूर्ती मात्र तिच्या जागी लटकत राहते. मग चाक फिरवलं की ते आपल्या आसाभोवती न फिरता दूरच्या बिंदूभोवती गोफणीसारखं घुमतं. भाचीची पहिली अडचण सुटली आणि दहा मिनिटांत ही दुसरी उभी राहिली. ती रडवेली झाली होती. म्हणून अप्लाय करताना स्केल, फार तर रोटेशन अँड स्केल, एवढंच.

काही आवृत्त्यांत यादीवर क्लिक करूनही काहीच होत नाही आणि खाली मल्टी युझर असं काहीतरी लिहून येतं, ही तक्रारही येते. एक चाक बनवून बाकीची ऑल्ट आणि डी ने त्याच्या प्रती म्हणून काढली असतील तर सगळ्या चाकांचं मेश एकच असतं. एकाचं माप बदललं तर सगळ्यांचं बदलेल, म्हणून ब्लेंडर नकार देतं, आणि ते योग्यच आहे. वर ऑब्जेक्ट मेन्यूत रिलेशन्स, मेक सिंगल युझर, ऑब्जेक्ट अँड डेटा करा आणि मग अप्लाय करा.

तिसरा फसवा प्रकार म्हणजे अप्लाय केल्यावर सगळं ठीक, पण स्पेसबार दाबला की डबा अचानक 32 मीटरचा. आमच्याकडे हे झालं तेव्हा मलाही दोन मिनिटं कळेना. कारण असं की थ्रीडीच्या खिडकीत आय दाबून जागा, फिरणं आणि माप या तिन्हींच्या कीफ्रेम एकदम टाकलेल्या होत्या. मापाच्या जुन्या कीफ्रेममध्ये 4 लिहिलेला होता. चालवलं की तो परत आला आणि 8 मीटरच्या डब्याला पुन्हा चौपट ताणून गेला. एनच्या पट्टीत स्केलवर राइट क्लिक करून क्लिअर कीफ्रेम्स घ्या, मग तिन्ही रकान्यांत 1 भरा. यापुढे कीफ्रेम हवी त्याच गटातल्या रकान्यावर पॉइंटर ठेवून आय दाबा, म्हणजे फक्त त्या गटाचीच पडते. चाकाला फक्त रोटेशनच्या कीफ्रेम लागतात, एम्प्टीला फक्त लोकेशनच्या.

आता ते गोफणीचं. वस्तू निवडली की एक नारिंगी ठिपका दिसतो, तो ओरिजिन, म्हणजे पाटाचा मध्य. वस्तू फिरते ती नेहमी त्या ठिपक्याभोवती. एडिट मोडमध्ये चाक सरकवलं, किंवा दोन वस्तू कंट्रोल-जे ने एकत्र केल्या, की ठिपका बाजूला राहून जातो. साध्या चाकाला राइट क्लिक, सेट ओरिजिन, ओरिजिन टू जॉमेट्री पुरतं. पण इंजिनाच्या चाकाला एका बाजूला वजनाचा जाड तुकडा असतो आणि दांडा जोडायची खुंटी असते. शेजारच्या मुलाने ते फार मन लावून बनवलं होतं. तिथे हा उपाय केला तर ठिपका त्या जाड बाजूकडे थोडा सरकतो आणि चाक फिरताना हलकेच लडखडतं. डोळ्याला काहीतरी चुकतंय एवढं जाणवतं, काय ते सांगता येत नाही. अशा वेळी एडिट मोडमध्ये ऑल्ट धरून चाकाच्या बाहेरच्या गोल कडेवर क्लिक करा, पूर्ण कडं निवडलं जाईल. मग शिफ्ट आणि एस, कर्सर टू सिलेक्टेड. टॅब दाबून बाहेर या आणि सेट ओरिजिनमध्ये ओरिजिन टू थ्रीडी कर्सर घ्या. ठिपका नेमका आसावर बसतो. समोरून बघून खात्री करा, कारण कडं एकाच बाजूचं असल्याने ठिपका चाकाच्या जाडीत कडेला असू शकतो. आसावर असला म्हणजे झालं, फिरायला तेवढं पुरतं.

रबरी टेपचा त्रास चाकापुरता नाही, म्हणूनच मी त्याच्यावर इतकं लिहिते आहे. तोच आजार वेगवेगळी सोंगं घेऊन येतो आणि दरवेळी नवी अडचण आहे असं वाटतं.

डब्याच्या कडा गोलसर करायला बेव्हल लावला, 0.1 दिला. छताची गोलाई एका बाजूला नाजूक आणि दुसऱ्या बाजूला चौपट पसरलेली. बेव्हल बरोबरच आहे, 0.1 मोजला, पण ताणलेल्या टेपने.

स्लीपरचं, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचं, तर मी पूर्ण सांगते. ठोकळा घेऊन मुलांनी त्याला ऑब्जेक्ट मोडमध्येच एक्सला 0.1, वायला 0.6, झेडला 0.06 केलं. म्हणजे 20 सेंटीमीटर रुंद, 1.2 मीटर लांब, 12 सेंटीमीटर जाड असा छान स्लीपर. मग ॲरे मॉडिफायर लावला, म्हणजे एकाच वस्तूच्या ओळीने प्रती काढणारं साधन, आणि दोन प्रतींमधल्या अंतराला, कॉन्स्टंट ऑफसेटमध्ये, 0.7 मीटर. अपेक्षा अशी की दर 70 सेंटीमीटरवर एक स्लीपर पडेल. पडद्यावर सगळे एकमेकांत घुसून एक लांबलचक फळी झाली. एक्सची टेप दहापट आकसलेली होती, म्हणून 70 चे 7 सेंटीमीटर झाले. भाचीने आकडा वाढवत वाढवत 7 केला आणि दिसायला बरोबर आलं. दिसायला. पुढे ज्याने ती फाईल उघडली त्याला 7 मीटर वाचून काय बोध होणार? कंट्रोल-ए, स्केल, आणि 0.7 परत लिहिलं. मग रूळ. दोन फुटी लाईनला रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर 610 मिलीमीटर, म्हणजे 0.61. हा आकडा टाकून गाडी खरोखर छोटी दिसायला लागली, तेव्हा तिघंही गप्प होऊन बघत राहिले. टेप खरी असेल तरच खरे आकडे कामाला येतात.

रंगाचं चित्र चढवताना लाकडाच्या रेषा एका बाजूला ओढल्यासारख्या दिसल्या, तरी आधी स्केल बघा. अनरॅप करताना, म्हणजे चित्र चढवण्यासाठी मेश उलगडून सपाट करताना, ब्लेंडर स्वतः सूचना देतं की वस्तूचं माप असमान आहे. ती खालच्या पट्टीत काही क्षण येते आणि जाते, आणि ती कोणी वाचत नाही. कृपा करून ती पट्टी वाचायची सवय लावा. पातळ पृष्ठाला जाडी देणाऱ्या सॉलिडिफायने पत्रा कुठे जाड कुठे पातळ झाला, तरी तेच कारण.

डबा आरशात बघितल्यासारखा उलटा करायला एस, एक्स, वजा 1 केलं असेल तर स्केलमध्ये वजा आकडा दिसतो. तोही अप्लाय करा, पण नंतर वरच्या ओव्हरलेजमधून फेस ओरिएंटेशन लावून बघा. बाहेरून लाल दिसला तो भाग आतून बाहेर आलेला आहे. एडिट मोडमध्ये ए, मग शिफ्ट आणि एन, आणि तो सरळ होतो.

अजून दोन-चार तक्रारी आहेत ज्यांचा टेपशी संबंध नाही, पण त्या याच दिवसांत येतात, म्हणून भराभर सांगते. सगळं गायब होऊन एकच वस्तू उरली तर चुकून तिरकी रेघ दाबली गेली आहे, तीच परत दाबा. जवळ जाता जाता झूम अडला तर वस्तू निवडून व्ह्यू मेन्यूतलं फ्रेम सिलेक्टेड घ्या. एक बिंदू हलवताना आजूबाजूचं सगळं ओढलं जात असेल तर ओ दाबून प्रपोर्शनल एडिटिंग सुरू झालेलं असतं, परत ओ. लॅपटॉपला आकड्यांची वेगळी पाटी नसेल तर प्रेफरन्सेस, इनपुटमध्ये इम्युलेट नमपॅड चालू करा. आणि व्हिडिओ बघताना त्याची तारीख बघा. जुलै 2019 मध्ये 2.80 आवृत्ती आली तेव्हा निवडण्याचं काम उजव्या क्लिकवरून डाव्यावर आलं आणि सगळी मांडणीच बदलली. त्याआधीच्या धड्यांवरून शिकणारं मूल आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून खचून जातं. हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मोठ्या मुलाला मध्येच जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी करून बघायची होती. मटेरियलमध्ये मेटॅलिक 1 केलं आणि गाडी चांदीची व्हायच्या ऐवजी काळपट झाली. धातू आपल्या आजूबाजूचं जे आहे तेच दाखवतो, आणि त्याच्या आजूबाजूला करड्या रिकामेपणाशिवाय काही नव्हतं. वर्ल्डमध्ये एन्व्हायर्नमेंट टेक्स्चर लावून खोलीचं एखादं एचडीआरआय चित्र (सगळ्या बाजूंचा उजेड टिपलेलं चित्र) दिलं, रफनेस 0.2 केला, आणि चांदी चमकली.

परत चाकाकडे येते, कारण गोल झालं तरी ते रुळावर घसरल्यासारखं दिसू शकतं. गाडी पुढे जाते 10 मीटर आणि चाकाला फिरवलं अंदाजाने चार फेऱ्या, तर डोळा ते लगेच पकडतो. हिशोब सोपा आहे. 0.6 मीटर व्यासाचं चाक एका फेरीत 1.885 मीटर जातं. 10 मीटरला साधारण 5.3 फेऱ्या, म्हणजे 1910 अंश. गाडी एक्सच्या दिशेने जात असेल तर चाकाच्या रोटेशनमध्ये वायच्या रकान्यात पहिल्या फ्रेमवर 0 आणि 250 व्या फ्रेमवर 1910 लिहा. चाक गाडीसारखं न फिरता भोवऱ्यासारखं फिरलं तर आकडा झेडमध्ये पडला आहे.

तरीही सुरुवातीला आणि शेवटी गाडीची आणि चाकांची गती जुळत नसेल, तर दोन कीफ्रेममधला प्रवास ब्लेंडर आपणहून हळू-जलद-हळू असा करतं, आणि तुम्ही एकीकडे तो बदललाय, दुसरीकडे नाही. शिकताना दोन्ही सरळ ठेवा: ग्राफ एडिटर उघडा, तिथे पॉइंटर ठेवून ए, मग टी, लिनिअर. एम्प्टीसाठी एकदा, चाकांसाठी एकदा. गाडी स्टेशनात हळू थांबवायची असेल तेव्हा ते नंतर दोन्हींना सारखं द्या.

खात्री करायला आम्ही एका चाकाच्या कडेवर एक पृष्ठ निवडून त्याला पांढरा रंग दिला. तो ठिपका खाली असताना पहिल्यांदा रुळावर जिथे टेकतो तिथे छोटा ठोकळा ठेवला, पुढे दर 1.885 मीटरला आणखी एक. गाडी चालू केली. पांढरा ठिपका प्रत्येक ठोकळ्यावर बरोबर खाली येत गेला, पाच वेळा, आणि भाची मोठ्याने मोजत होती.